घरात पदवी आली, धूर गेला का?

भाताची झोडणी आटोपली आणि हवेत गारवा आला, की माझ्या दवाखान्यात खोकल्याचा हंगाम सुरू होतो. लहान मुले, म्हातारी माणसे, रात्रभर झोप न झालेल्या बायका यांनी बाकडी भरून जातात. गेल्या मार्गशीर्षात अशीच एक आजी टोकावड्याच्या बाजूच्या गावातून नातवाच्या मोटारसायकलवर बसून आली. वय पासष्टच्या आसपास. दवाखान्याच्या तीन पायऱ्या चढताना ती दोनदा थांबली. खुर्चीवर बसल्यावरही तिचे खांदे श्वासागणिक वर-खाली होत होते.

"किती दिवसांचा खोकला आहे, आजी?"

"दिवसांचा कुठला, डॉक्टर? वर्षं मोजा."

क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी झाली होती, ती निर्दोष होती. छातीचा फोटोही आणला होता. त्यात क्षयाच्या खुणा नव्हत्या, पण फुप्फुसे फुगलेली दिसत होती. असा फोटो वर्षानुवर्षे बिडी ओढणाऱ्या माणसाचा असतो. मी विचारले, "बिडी, मिश्री, तपकीर काही?" आजीने कपाळाला आठ्या घातल्या. "मिश्री लावायची पूर्वी. बिडीला हात नाय लावला जन्मात."

मग मी नेहमीचा दुसरा प्रश्न विचारला. "स्वयंपाक कशावर होतो?" उत्तर नातवाने दिले. तो बी.एस्सी. झालेला, नोकरीच्या शोधात असलेला, नीटनेटका मुलगा. "आमच्याकडे गॅस आहे, डॉक्टर. दोन सिलिंडर आहेत."

"भाकरी कशावर भाजता, आजी?"

आजी गप्प राहिली. नातूही गप्प राहिला. थोड्या वेळाने आजी म्हणाली, "चुलीवर. मागच्या पडवीत. आंघोळीचं पाणीपण तिथंच तापतं. गॅसवर चहा करतो आम्ही, आणि पोराला घाई असली तर पोहे."

वाचकहो, आजचा लेख या संवादावरच आहे. घरात शिकलेले माणूस आहे, गॅसही आहे, तरी चूल पेटतेच आहे आणि तिच्यासमोर बसणारे माणूस न ओढलेल्या बिडीचे दुखणे भोगते आहे. उच्च शिक्षणाने घरातली इंधनाची गरिबी जाते का, असा प्रश्न कोणी विचारला तर माझे उत्तर असे आहे : जाते, पण आपोआप जात नाही. पदवी उंबऱ्याच्या आत येते आणि पुष्कळदा ओटीवरच बसून राहते. ती पडवीतल्या चुलीपर्यंत चालत गेली, तरच धूर जातो.

इंधनाची गरिबी म्हणजे काय?

गरिबी म्हटले की आपल्याला अन्न, वस्त्र आणि निवारा आठवतो. पण अन्न शिजवायला जाळ लागतो आणि अभ्यास करायला उजेड लागतो. घराला पुरेसे, स्वच्छ आणि परवडणारे इंधन व वीज मिळत नसेल, तर त्या घरात ऊर्जेचे दारिद्र्य आहे असे तज्ज्ञ म्हणतात. हे दारिद्र्य पैशाच्या गरिबीची धाकटी बहीण असली, तरी दोघी नेहमी हातात हात घालून फिरत नाहीत. पत्र्याचे पक्के घर, दारात मोटारसायकल, भिंतीवर टीव्ही आणि मागच्या पडवीत धूर असे घर शहापूर-मुरबाडमध्ये शोधायला फार लांब जावे लागत नाही.

आपला भाग या बाबतीत विचित्रच आहे. तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यातली, आणि त्यांच्या पाण्यावर मुंबई तहान भागवते. सिद्धगडच्या रानात २ जानेवारी १९४३ रोजी हुतात्मा झालेले भाई कोतवाल हे शिकलेले वकील होते. त्यांच्या आझाद दस्त्याने १९४२ च्या लढ्यात मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले होते. वीज या डोंगरपट्ट्यावरून जात होती, पण खालच्या पाड्यांत दिवा नव्हता. आज वाड्यापाड्यांत वीज पोहोचली आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या सौभाग्य योजनेत राहिलेल्या घरांना जोडण्या देण्यात आल्या. तरी आषाढ-श्रावणात झाड तारेवर पडले, की पाड्यावरच्या मुलाला पुन्हा मेणबत्तीचा आधार घ्यावा लागतो. दिव्याचा प्रश्न बराचसा सुटला आहे, चुलीचा अर्धाच सुटला आहे.

धूर शरीरात काय करतो?

ओले किंवा अर्धवट वाळलेले लाकूड, पालापाचोळा आणि गोवऱ्या पूर्ण जळत नाहीत. त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आणि डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण निघतात. केसाच्या जाडीचा तिसावा भाग किंवा त्याहूनही लहान असे हे कण नाकातल्या केसांना चुकवून थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ठरवलेली मर्यादा अशी, की चोवीस तासांच्या सरासरीत एक घनमीटर हवेत हे कण १५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावेत. चूल पेटलेल्या बंद स्वयंपाकघरात हा आकडा कित्येक शेकड्यांत जातो.

हे पहिल्यांदा मोजले गेले ते आपल्या शेजारच्या गुजरातेत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने भारतीय सहकाऱ्यांबरोबर तिथल्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर छोटी उपकरणे लावून त्यांच्या श्वासात किती धूर जातो ते तपासले. तोवर प्रदूषण म्हणजे गिरण्यांची धुराडी आणि मोटारी अशी जगाची समजूत होती. सर्वांत दूषित हवा रांधत्या बाईच्या नाकासमोर असते, हे या मोजणीने दाखवून दिले.

या धुराने होणारे आजार आम्ही रोज पाहतो. पाच वर्षांखालील मुलांना न्यूमोनिया होतो. बायकांना दीर्घकालीन श्वासनलिकादाह होतो आणि फुप्फुसे फुगतात. या दुखण्याला लोक सरसकट 'दमा' म्हणतात, पण दम्यात श्वासनळ्या आवळतात आणि पुन्हा मोकळ्या होतात, धुराने बिघडलेल्या नळ्या पूर्ववत होत नाहीत. शिवाय मोतीबिंदू लवकर येतो, गरोदरपणी धुरात बसणाऱ्या बाईचे मूल कमी वजनाचे होण्याचा धोका वाढतो आणि हृदयविकार व पक्षाघात यांनाही हातभार लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगात ३२ लाख माणसे दगावली. त्यांत पाच वर्षांखालील बालके २ लाख ३७ हजारांहून अधिक होती.

शिक्षण चुलीपर्यंत कसे पोहोचते?

देशात स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबे २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ४३.८ टक्के होती. २०१९-२१ च्या पाहणीत ती ५८.६ टक्के झाली, पण ग्रामीण भागात तेव्हाही ४३.२ टक्केच होती. अशा पाहण्यांतून एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. घरातले शिक्षण जसजसे वाढते, तसतसा गॅसचा वापर वाढतो. असे का होते? माझ्या पाहण्यात त्याच्या तीन वाटा आहेत.

पहिली वाट पगाराची. सिलिंडरचे पैसे एकरकमी मोजावे लागतात. आठवड्याच्या बाजाराला मजुरी मिळणाऱ्या घरात एवढी रक्कम एका दिवशी हातात नसते. लाकूडफाटा मात्र रानातून येतो, त्याला रोकड लागत नाही. शिकलेल्या मुलाला आसनगाव-वाशिंदच्या कारखान्यात, कल्याणच्या कचेरीत किंवा शाळेत नोकरी लागली, की महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पैसे येतात. मिळकत थोडी असली तरी ती नेमाने येते, आणि सिलिंडर या नेमावरच चालतो.

दुसरी वाट समजेची. खोकला 'थंडीमुळे' किंवा 'वयामुळे' नसून धुरामुळे आहे हे ज्याला कळले, तो उपाय शोधतो. योजनेचा अर्ज भरणे, बँक खाते जोडणे, अनुदान जमा झाले की नाही हे मोबाइलवर पाहणे, ही कामेही शिकलेल्या माणसाला सोपी जातात.

तिसरी वाट शब्दाला मान असण्याची, आणि मी तिला सर्वांत मोठी मानतो. शेगडी घ्यायची की मोबाइल, आधी मोरी बांधायची की स्वयंपाकघराला खिडकी पाडायची, हे ठरवताना बाईचे मत विचारले जाते का? शिकलेल्या सुनेचे, कमावत्या मुलीचे मत विचारले जाते. धूर जिच्या डोळ्यांत जातो, तिच्या हातात निर्णय आला की चुलीचे दिवस भरतात. म्हणून मुलाच्या पदवीपेक्षा मुलीच्या पदवीने स्वयंपाकघर लवकर बदलते, हा माझा अनुभव आहे.

ही वाट उलटीही वाहते. मृगाआधी लाकूडफाटा भरून ठेवायचा असतो. एप्रिल-मे महिन्यांत मोळ्या आणायला आईबरोबर कोण जाते? मुलगी जाते. पाणी तिने आणायचे, सरपण तिने आणायचे, सकाळची चूल तिने पेटवायची आणि मग एस.टी. पकडून कॉलेजला जायचे. शहापूरचे सोनुभाऊ बसवंत महाविद्यालय असो की मुरबाडजवळच्या शिवळ्याचे शांतारामभाऊ घोलप महाविद्यालय, तिथे लांबच्या पाड्यावरून येणाऱ्या मुलीचा पहिला तास कशाने बुडतो हे तिलाच विचारा. या जिल्ह्यातल्या जुन्या शिक्षकांना ही गोष्ट ठाऊक होती. गुरे राखायला आणि रानात जाणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, हे पाहून कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळाच कुरणात नेली होती. कोसबाड तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. शाळा कुरणात नेता येते, कॉलेज नेता येत नाही. तिथे मुलीचा वेळच मोकळा करावा लागतो. ८ जुलै २०२४ च्या निर्णयाने राज्य शासनाने आठ लाखांपेक्षा कमी उत्पन्नाच्या ठरावीक गटांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ केले, ही चांगली गोष्ट झाली. पण फी माफ झाली तरी मोळी माफ होत नाही.

माझ्या घरची गोष्ट

दुसऱ्याच्या नातवाला उपदेश करण्याआधी स्वतःचे सांगितले पाहिजे.

माझे बालपण मुरबाड तालुक्यातल्या एका खेड्यात गेले. दहावीपर्यंतचा अभ्यास मी रॉकेलच्या कंदिलावर केला. १९८८ मध्ये मला मेडिकलला प्रवेश मिळाला, तेव्हा गावाने नारळ फोडला. पदवी घेऊन दवाखाना टाकल्यावर आईसाठी पहिल्यांदा काय घेतले असेल, तर गॅसची शेगडी. तेव्हा गॅसची गाडी गावात येत नसे. मी स्वतः सिलिंडर नेऊन देत असे आणि त्याचा मला अभिमान होता.

आईला खोकला होता. मी तिला गोळ्या दिल्या, औषधे दिली, पुढे तोंडाने ओढायचा पंपही दिला. दर रविवारी गेलो की ती गॅसवर चहा करून द्यायची. तो चहा पिऊन, तिची छाती तपासून मी परत फिरायचो. एका सिलिंडरला सात-आठ महिने कसे पुरतात, हा प्रश्न मला पडला नाही. एम.बी.बी.एस.च्या परीक्षेत तो विचारला जात नाही.

एकदा मुक्कामाला राहिलो आणि पहाटे चारला ठसक्याने जागा झालो. मागच्या पडवीत आई चुलीपुढे बसून फुंकणीने जाळ करत होती. मी रागावलो. ती म्हणाली, "तुझा गॅस मी तुझ्यासाठी जपून ठेवते रे. तू एवढ्या लांबून आणतोस." मग हळूच म्हणाली, "आणि मला उभं राहून भाकरी नाही थापता येत. गुडघे धरतात."

दोन्ही कारणे माझ्या डोळ्यांसमोर होती. पण मी डॉक्टर म्हणून ओटीवर येत होतो, मुलगा म्हणून चुलीपर्यंत जात नव्हतो. आई २००९ मध्ये गेली. शेवटची तीन वर्षे तिला उशीला टेकून बसूनच झोपावे लागे. चूल आधी विझवली असती तर ती किती जगली असती, हे मला सांगता येणार नाही. पण ती वर्षे तिने आडवे होऊन झोपून काढली असती, असे मला वाटत राहते.

शिक्षण कुठे अडते?

हे सारे सांगण्याचे कारण असे, की शिक्षण कुठे अडते हे ओळखल्याशिवाय उपाय सापडत नाही.

एक म्हणजे पदवी आली पण नोकरी आली नाही, तर पगाराची वाट बंदच राहते. दोन वर्षे अर्ज करणाऱ्या पदवीधराच्या घरात सिलिंडर रिकामा पडून असतो आणि आई मोळी आणते. यात त्या मुलाचा दोष नाही.

दुसरे, बाईच्या श्रमाची किंमत शिकलेली माणसेही धरत नाहीत. "लाकूड फुकट मिळते" असे म्हणताना ते आणायला गेलेला अर्धा दिवस, मानेचे दुखणे आणि दवाखान्याचे बिल हिशेबात येत नाही.

तिसरे, सवय आणि चव. तांदळाची भाकरी निखाऱ्यावरच फुगते, चुलीवरची सुक्या मासळीची आमटी वेगळीच लागते, धुराने छपराच्या वाशांना कीड लागत नाही, पावसाळ्यात चुलीच्या उबेवर कपडे वाळतात. ही कारणे खोटी नाहीत. त्यांची टिंगल करून चूल विझत नाही.

चौथे, शिकलेल्या घरांतही टिकून असलेली बाळंतिणीची शेक-शेगडी. दारे-खिडक्या बंद, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी आणि बाळाला ओवा-वावडिंगाची धुरी. गेल्या वर्षी असे एकवीस दिवसांचे बाळ माझ्याकडे आले. त्याची आई एम.ए. झालेली, आजी निवृत्त शिक्षिका. बंद खोलीत निखारे ठेवणे म्हणजे कार्बन मोनॉक्साइड कोंडणे. त्याला वास नसतो. आधी डोके दुखते, मग गुंगी येते आणि मग जागच येत नाही. बाळंतिणीला ऊब हवी असेल तर गरम पाण्याची पिशवी कपड्यात गुंडाळून वापरावी. बाळाला आईच्या छातीची ऊब सर्वांत चांगली.

पाचवे, ज्यांच्यापर्यंत महाविद्यालय सोडाच, पुरती शाळाही पोहोचत नाही अशी माणसे. आपल्याकडचे कातकरी एके काळी काथ काढत, कोळशाच्या भट्ट्या लावत. आता दिवाळीनंतर त्यांतली कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, मुले बरोबर जातात आणि तीन विटांची चूल मांडून संसार सुरू होतो. दुसऱ्यांसाठी इंधन तयार करणाऱ्या समाजाच्या वाट्याला स्वतःचे स्वच्छ इंधन आले नाही. त्यांना "शिका म्हणजे धूर जाईल" असे सांगणे क्रूरपणाचे आहे. तिथे आधी गॅस, आधी दवाखाना आणि भट्टीजवळ शाळा हवी.

योजनांचे काय?

योजना झाल्या नाहीत असे नाही. १९८० च्या दशकात सरकारने निर्धूर चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. तो २००२ पर्यंत चालला. आपल्या भागातही त्या चुली बसल्या. कुठे धुराडे तुंबले, कुठे चूल तडकली, कुठे मोठे भांडे बसेना. बसवणारा परत फिरकला नाही, आणि वापरणारीला कोणी विचारले नाही.

पुढे १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली. तिची आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, देण्यात आली. जोडणी मिळाली, पण सिलिंडर पुन्हा भरला जातो का? उज्ज्वलाच्या घरांत वर्षाला सरासरी ३.०१ सिलिंडर २०१९-२० मध्ये घेतले गेले. २०२३-२४ मध्ये ही सरासरी ३.९५ झाली. वाढ झाली, पण चौघांच्या घराचा सगळा स्वयंपाक चार सिलिंडरांत वर्षभर निघत नाही. उरलेला चुलीवर होतो. २०२४ मध्ये राज्य शासनाने अन्नपूर्णा योजनेतून वर्षाला तीन सिलिंडर मोफत देण्याचे जाहीर केले, त्याचा हेतू हाच.

शिकलेल्या माणसांनी चुलीकडे पाहिले तर काय होते, याचे उदाहरण पुण्यात आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले. त्यांचे नातू, वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये आरती ही ग्रामीण तंत्रज्ञानाची संस्था सुरू केली. शेतात जाळून टाकल्या जाणाऱ्या उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची आणि खरकट्या अन्नावर चालणाऱ्या छोट्या बायोगॅसची तिची कामे गाजली. २००२ आणि २००६ मध्ये तिला इंग्लंडचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. विद्या चुलीजवळ बसली की चूल बदलते, हे यातून घ्यायचे.

आपल्या घरी काय कराल?

घरात कॉलेजला जाणारे किंवा गेलेले कोणी असेल, तर पुढील कामे त्याच्याकडे द्यावीत.

१. एक दिवस पहाटे उठून चूल कोण पेटवते, किती वेळ पेटते आणि कशासाठी पेटते, ते स्वतः बसून पाहा. सिलिंडर किती दिवस पुरतो ते कॅलेंडरवर लिहा. फार दिवस पुरत असेल तर आनंद मानू नका, चौकशी करा.

२. गॅस पाहुण्यांसाठी राखू नका. वरण, भात, भाजी आधी गॅसवर आणा. डाळ तासभर भिजवा, भांड्यावर झाकण ठेवा, कुकर वापरा. गॅस बराच वाचतो.

३. आंघोळीचे पाणी तापवण्याची चूल घराबाहेर, मोकळ्या जागी मांडा. जमत असेल तर सूर्याच्या उष्णतेवर पाणी तापवण्याची सोय करा.

४. चूल सोडणे शक्यच नसेल तर लाकूड पूर्ण वाळवून, बारीक फोडून वापरा. छपराजवळ धूर जायला वाट ठेवा. प्लॅस्टिक, रबर, रंगवलेले लाकूड चुलीत घालू नका. गरोदर बाई आणि तान्हे मूल चुलीजवळ नको. पाठीला मूल बांधून स्वयंपाक करू नये.

५. गॅसची भीती शिकवून घालवा. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर ठेवा, सिलिंडर उभा ठेवा, रात्री रेग्युलेटर बंद करा, नळी मुदतीत बदला. वास आला तर विजेचे बटण लावू नका आणि बंदही करू नका. दारे-खिडक्या उघडा, बाहेर जा आणि १९०६ या क्रमांकावर फोन करा.

६. मूल खोकत असेल तर शांत असताना त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांखालील बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त असतील, किंवा बरगड्यांखाली छाती आत ओढली जात असेल, तर तो न्यूमोनिया असू शकतो. सकाळची वाट पाहू नका. लगेच दवाखान्यात न्या.

७. घरात कोणी दोन आठवड्यांहून अधिक खोकत असेल तर थुंकी तपासा. क्षय नसेल तर फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी करून घ्या. पंपाने 'सवय लागते' हा गैरसमज आहे. योग्य पद्धतीने ओढला तर पंप गोळ्यांपेक्षा कमी औषधात काम करतो.

८. घरात रॉकेल असेल तर ते पाण्याच्या बाटलीत ठेवू नका. मुलाने चुकून प्यायले तर उलटी करवू नका, मिठाचे पाणी देऊ नका, तडक रुग्णालयात न्या. भाजल्यास वीस मिनिटे साधे वाहते पाणी घाला. शाई, टूथपेस्ट, शेण काही लावू नका.

त्या आजीचे काय झाले?

नातवाला मी माझ्या आईची गोष्ट सांगितली. तो काही बोलला नाही. तीन आठवड्यांनी दोघे पुन्हा आले. तीन पायऱ्या चढताना आजी एकदाच थांबली.

नातवाने घरी जाऊन आजीला विचारले होते, की गॅसवर भाकरी का नको. उत्तर माझ्या आईचेच होते : गुडघे. मग त्याने सुताराकडून ओट्याच्या बेताचे उंच स्टूल करून घेतले. आता आजी स्टुलावर बसून भाकरी थापते आणि भाजायचे काम तो करतो. "पहिल्या चार दिवस करपवल्या याने," आजी म्हणाली, "आता जमायला लागलंय." आंघोळीच्या पाण्याची चूल पडवीतून अंगणात गेली आहे. सिलिंडर लवकर संपतो अशी आजीची तक्रार आहे. मला ती तक्रार ऐकून बरे वाटले.

आजीची फुप्फुसे आता तरुण होणार नाहीत, हे मी दोघांनाही स्पष्ट सांगितले. जे गेले ते परत येत नाही, पण उरले आहे ते राखता येते. पंप चालू आहे, रात्रीचा खोकला कमी आहे, ती आडवी होऊन झोपते.

नातवाला अजून नोकरी लागलेली नाही. पण बी.एस्सी.चा पहिला उपयोग त्याने घरात केला आहे. आपल्याही घरात पदवीचा कागद असेल. तो फ्रेममध्ये लावला असेल तर चांगलेच आहे. उद्या पहाटे एकदा उठून पाहा, त्या फ्रेमच्या काचेवर काजळी तर बसत नाही ना.